कॉलेजमधला वाइड रिसीव्हर एनएफएलमध्ये चालेल का, हे ड्राफ्टच्या आधी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू कागदावर आपल्या टीममध्ये घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर खेळायचं) दर मे महिन्यात नव्या पोरांचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने निवड, असतो, त्यात एक जण म्हणतो ४० यार्ड किती सेकंदांत पळाला ते बघा, दुसरा म्हणतो कॉलेजमधले यार्ड मोजा, तिसरा म्हणतो फिल्म बघा बाकी सगळं झूट, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, बाबतीत तुम्ही तीनदा तोंडावर आपटलाय, तर नक्की बघायचं काय?

आधी माझी लायकी सांगतो. मी स्काउट वगैरे नाही. ओहायोत कोलंबसला डेटाबेस सांभाळायची नोकरी करतो, शिकायला आलो आणि इथेच राहिलो, आणि ज्या गावात शनिवारी सकाळपासून अख्खं गाव लाल टीशर्ट घालून स्टेडियमच्या दिशेने चालायला लागतं तिथे फुटबॉलचं वेड लागायला वेगळं काही करावं लागत नाही. आमची बारा जणांची डिनास्टी लीग आहे, म्हणजे घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षी परत द्यायचा नसतो, तो तुमचाच, त्यामुळे नव्या पोराची निवड चुकली की ती वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर बसते.

माझी बसलीये. २०२० ला माझी पाळी आली तेव्हा जस्टिन जेफरसन आणि जेलन रेगर दोघंही शिल्लक होते आणि मी रेगर घेतला. हसा. माझ्यानंतर लगेच ग्रुपमधल्या एका नाशिककराने जेफरसन उचलला. स्वतःची बाजू सावरायला एवढंच सांगतो की हाच घोळ खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तिथे, फिलाडेल्फिया ईगल्सनेही घातला होता, २१ व्या नंबरवर त्यांनी टीसीयू कॉलेजचा रेगर घेतला आणि २२ व्या नंबरवर मिनेसोटा व्हायकिंग्जनी एलएसयू कॉलेजचा जेफरसन. (तो २२ वा नंबर व्हायकिंग्जकडे कुठून आला, तर स्टेफन डिग्स हा त्यांचा रिसीव्हर बफेलोला देऊन, आणि डिग्स स्वतः २०१५ ला पाचव्या फेरीत १४६ व्या नंबरवर निवडलेला. हा धंदाच असा आहे.) जेफरसनने पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड काढले आणि २०२२ ला १,८०९. रेगरला त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये ईगल्सनी ट्रेड केलं, आणि कुठे, तर व्हायकिंग्जकडेच.

आता मी का चुकलो ते सांगतो कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. २०१९ ला एलएसयूकडून जेफरसनचे १११ कॅच, १,५४० यार्ड, १८ टचडाउन (बॉल घेऊन एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचणं) होते. ओक्लाहोमाविरुद्धच्या पीच बोल सामन्यात तर पठ्ठ्याने पहिल्या हाफमध्येच चार टचडाउन केले. पण सगळीकडे एकच चर्चा, की हा स्लॉटमधून खेळतो, म्हणजे लाइनच्या आतल्या बाजूला, तिथे समोर कोणी चिकटून उभं नसतं, बॉल फेकणारा जो बरो, समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, टीममधल्या दुसऱ्या रिसीव्हरच्या, जमार चेसच्या मागे, मग हा मोकळा सापडणारच की. मला पटलं. आणि रेगरचे त्याच वर्षी फक्त ४३ कॅच, ६११ यार्ड, तर त्यावर मीच म्हणालो की बिचाऱ्याला बॉल नीट मिळतच नव्हता, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, धड नव्हता, वेग आहे, हवेत उडी आहे, एनएफएलमध्ये गेला की फुटेल. म्हणजे एकाच्या कमी आकड्यांना मी सबबी जोडत बसलो आणि दुसऱ्याच्या भरपूर आकड्यांतून वजाबाकी करत बसलो, आणि दोन्ही वेळा स्वतःला हुशार समजलो.

बरं, शंका रास्त होती. स्लॉटमधला पोरगा बाहेर, कॉर्नरच्या तोंडासमोर उभा राहून खेळू शकेल का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर तयार होतं. २०१८ ला, एक वर्ष आधी, जेफरसन बाहेरच खेळायचा, वय १९, ५४ कॅच, ८७५ यार्ड, टीममध्ये सगळ्यात जास्त. त्या वर्षीची फिल्म मी बघितलीच नव्हती. कशाला बघायची, हायलाइट्स तर २०१९ चेच होते ना.

म्हणून माझं मत आता असं झालंय की बॉल हवेत असतानाचं काहीही बघून रिसीव्हर कळत नाही, बॉल क्वार्टरबॅकच्या हातातून सुटायच्या आधीच्या दोन-अडीच सेकंदांत कळतो. आपण क्रिकेट बघत वाढलो त्यामुळे कॅच म्हटलं की आपलं लक्ष कॅचवर जातं, पण इथे कॅच ही शेवटची सही आहे, काम सगळं आधी झालेलं असतं. हायलाइट व्हिडिओ नेमका तिथून सुरू होतो जिथे रिसीव्हरचं काम संपलेलं असतं. टीव्हीवरही तेच, स्नॅप झाला, म्हणजे खेळ सुरू करायला बॉल मागे दिला, की कॅमेरा बॉलबरोबर राहतो आणि रिसीव्हर दोन पावलांत चौकटीबाहेर जातो.

मग त्या दोन सेकंदांत बघायचं काय? समजा कॉर्नर हातभर अंतरावर प्रेसमध्ये उभा आहे. स्नॅप झाला, पोरगा लगेच पळत नाही, जागच्या जागी पाय झपझप हलवतो, कॉर्नरला वाटतं हा बाहेरून जाणार, तो हात टाकतो, पोरगा तो हात मनगटाने खाली झटकतो आणि खांदा तिरका करून आतून निसटतो, याला रिलीज म्हणतात. मग दहा-बारा यार्ड सरळ, पूर्ण ताकदीने, जसा काही एंड झोनपर्यंतच निघालाय. कॉर्नर घाबरतो, कंबर वळवतो आणि मागे पळायला लागतो. ज्या क्षणी त्याची कंबर वळली त्या क्षणी आपला पोरगा बूड खाली घेऊन दोन-तीन पावलांत ब्रेक मारतो आणि आत वळतो. कॉर्नर अजून पुढेच चाललाय. मध्ये तीन यार्डांची मोकळी जागा. आता बॉल येवो न येवो, पोराने त्याचं काम केलं. क्वार्टरबॅकने दुसरीकडे फेकला तर स्कोअरबोर्डवर शून्य, पण मला पाहिजे तो पोरगा सापडला.

कच्च्या पोराचं उलटं असतं, वळायच्या आधी चार पावलं छोटी छोटी टाकायला लागतो, शरीर ताठ होतं, कॉर्नरला आधीच पत्ता लागतो. आणखी एक, रनिंग प्ले, म्हणजे बॉल न फेकता घेऊन पळायचा डाव, असेल तर हा चालत चालत पुढे जातो, पास असेल तरच जीव तोडून पळतो. म्हणजे समोरच्याला फुकटात सांगून टाकलं की काय होणार आहे. २०१६ ला क्लीव्हलंडने १५ व्या नंबरवर बेलर कॉलेजचा कोरी कोलमन घेतला, कॉलेजमधला सर्वोत्तम रिसीव्हर म्हणून बिलेटनिकॉफ अवॉर्ड जिंकलेला, पण त्या बेलरच्या सिस्टममध्ये रूट, म्हणजे रिसीव्हरने पळायचे ठरलेले मार्ग, मोजकेच असायचे आणि बॉल येणार नसेल तर रिसीव्हर चक्क आराम करायचे. त्याच ड्राफ्टमध्ये आमच्या गावच्या कॉलेजचा, ओहायो स्टेटचा मायकल थॉमस ४७ व्या नंबरला गेला आणि २०१९ ला त्याने एका सीझनमध्ये १४९ कॅच घेतले.

शक्य असेल तर स्टेडियममध्ये जा. मी वरच्या, एंड झोनमागच्या स्वस्त सीटवर बसतो, मित्र चिडवतात, पण तिथून बावीसच्या बावीस माणसं दिसतात आणि मी एकेका ड्राइव्हला, म्हणजे टीमच्या एका सलग चढाईला, एकच रिसीव्हर धरून बसतो, बॉल कुठे गेला ते शेजारच्यांच्या ओरडण्यावरून कळतंच. आणि तरीही सांगतो, टेरी मॅक्लॉरिन मला दिसला नाही! ओहायो स्टेटकडून माझ्या डोळ्यांसमोर खेळत होता हो तो. २०१८ ला ३५ कॅच, ७०१ यार्ड, ११ टचडाउन, मी आकडा बघितला, वय बघितलं, ड्राफ्टच्या वेळी तेवीसचा, आणि फुली मारली. तो तिसऱ्या फेरीत ७६ व्या नंबरला वॉशिंग्टनला गेला आणि २०२० ते २०२४ सलग पाच वर्षं हजारच्या वर यार्ड. त्याआधी जानेवारीत मोबीलला, अलाबामात, सीनियर बोलची, म्हणजे कॉलेज संपवणाऱ्या पोरांच्या सामन्याची, प्रॅक्टिस असते, तिथे एकास एक ड्रिलमध्ये तो कॉर्नरना उभ्या उभ्या सोलत होता, ते व्हिडिओ फुकट होते, मीच बघितले नाहीत.

आता ४० यार्डांकडे येऊ. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे एनएफएलच्या टीमसमोर पोरांची शारीरिक चाचणी होते, पोरं चड्डी-बनियनवर पळतात, ना पॅड, ना हेल्मेट, ना समोर कोणी, आणि त्याआधी दोन महिने फक्त सुरुवातीची पावलं कशी टाकायची याचा क्लास लावलेला असतो. जॉन रॉस २०१७ ला ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम, सिनसिनाटीने ९ व्या नंबरवर घेतला, पुढे काय झालं ते शोधा. त्याच वर्षी कूपर कप ४.६२ पळाला, ६९ व्या नंबरला गेला आणि २०२१ ला कॅच, यार्ड, टचडाउन तिन्हींत लीगमध्ये पहिला आला, वर सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). म्हणून वेग बिनकामाचा का, तर नाही. माझ्या मते तो बारावीच्या कटऑफसारखा आहे, पार केला की पुढे किती पार केला याला फार किंमत नाही. अगदी ४.६५-४.७ च्या घरात गेला की मात्र मी सावध होतो, मग त्याच्याकडे दुसरं काहीतरी ठणठणीत लागतं.

आणि कुठली टेस्ट कोणासाठी हेही बघा. डीके मेटकाफ २०१९ ला सहा फूट तीन इंच, २२८ पाउंड आणि ४.३३ पळाला, पण वळणांच्या थ्री-कोन ड्रिलला ७.३८ लागले, टॉम ब्रेडीला २००० साली ७.२० लागले होते, त्यावरून इंटरनेटवर महिनाभर विनोद झाले आणि तो ६४ व्या नंबरपर्यंत घसरला (मानेची दुखापतही होती). पण त्याला काय नागमोडी पळायला थोडंच घेणार होते? सरळ लांब पळायचं आणि अंगावरच्या माणसाला ढकलून आत घुसायचं, याला कोन ड्रिल कशाला हवी. उलट स्लॉटमधल्या पोराची मी कोन ड्रिल आधी बघतो.

तुमचा दुसरा मित्र, यार्डवाला, तो पूर्ण चुकीचा नाही, फक्त चुकीचे यार्ड मोजतोय. नुसती बेरीज घेऊ नका, टीमने पासवर एकूण जेवढे यार्ड काढले त्यातला या पोराचा वाटा किती ते बघा. आठवड्याला पन्नास पास फेकणाऱ्या टीममध्ये १,००० यार्ड म्हणजे काहीच नाही, आणि रनवरच जगणाऱ्या टीममध्ये ८०० म्हणजे पोरगा वाघ. त्याहून बरा आकडा म्हणजे दर रूटमागे यार्ड, म्हणजे जितक्या वेळा पासच्या प्लेवर धावत गेला त्याने भागायचं. यात बॉल न आलेले रूटसुद्धा मोजले जातात, आणि जो मोकळा होत नाही त्याच्याकडे बॉल येत नाही, त्यामुळे माझ्या त्या दोन सेकंदांच्या सगळ्यात जवळ जाणारा आकडा हाच. मग हे सगळं कितव्या वर्षी केलं ते. १९ व्या वर्षी २२-२३ वर्षांच्या बाप्यांना मागे टाकणारा आणि २३ व्या वर्षी १९ च्या पोरांना मागे टाकणारा सारखे नसतात. कोविडमुळे सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं आणि त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायची सोय, त्यामुळे मधली काही वर्षं चोवीस वर्षांचे काका कॉलेजात ढिगाने यार्ड काढत होते, तिथे वय आधी तपासा. मॅक्लॉरिनचं उदाहरण देऊन हे सांगणं विचित्र वाटेल पण एका मॅक्लॉरिनमागे किती म्हातारे फुसके निघाले ते कोणी लक्षात ठेवत नाही.

वाट्याचा हिशोबही आंधळेपणाने करू नका. २०२१ ला आमच्या इथे गॅरेट विल्सन, क्रिस ओलाव्हे आणि जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा एकाच टीममध्ये होते, कोणाचा वाटा मोठा दिसणार? पण त्यात १९ वर्षांच्या स्मिथ-एन्जिग्बाने ९५ कॅच, १,६०६ यार्ड काढले, बाकी दोघांपेक्षा जास्त, आणि ते दोघं पुढच्या ड्राफ्टमध्ये १० व्या आणि ११ व्या नंबरला गेले. रोज बोलमध्ये ते दोघं खेळलेच नाहीत तर याने एकट्याने ३४७ यार्ड केले. पुढच्या वर्षी मांडीच्या स्नायूने दगा दिला, अख्ख्या सीझनमध्ये पाच कॅच, आणि लोक लगेच विसरले, २० व्या नंबरपर्यंत खाली आला. मी नाही विसरलो, घेतला त्याला. एवढी एक गोष्ट तरी मला सांगू द्या.

तिसऱ्या मित्राला, फिल्मवाल्याला, एकच प्रश्न विचारा, कुठली फिल्म? कारण फिल्म बघतो म्हणणाऱ्या दहातले आठ जण यूट्यूबवर चार मिनिटांचा गाणं लावलेला व्हिडिओ बघतात, त्यात पोरगा दोघांच्या डोक्यावरून उडी मारून एका हाताने कॅच घेतो आणि आपण खलास. अरे पण त्याला उडी का मारावी लागली? कारण ते दोघं त्याला चिकटलेले होते. तो मोकळा झालाच नव्हता. २०१९ ला न्यू इंग्लंडने ३२ व्या नंबरवर असाच अंगापिंडाने दणकट, झोंबून कॅच घेणारा एन'कील हॅरी घेतला, त्याच्यामागे अजून डीबो सॅम्युअल, एजे ब्राउन, मेटकाफ आणि मॅक्लॉरिन शिल्लक होते. कॉलेजचे कॉर्नर त्याच्यापेक्षा लहानखुरे होते, रविवारचे, म्हणजे एनएफएलचे, नव्हते. झोंबून कॅच येणं चांगलंच, पण ते ज्याचं मुख्य भांडवल आहे त्याच्यापासून मी आता लांब राहतो.

शिवाय कॉलेजचं मैदानच वेगळं वागतं. तिथे हॅश मार्क, म्हणजे ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवून खेळ सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगा, एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच, त्यामुळे कॉलेजात बॉल एका बाजूच्या हॅशवर ठेवला की दुसऱ्या बाजूला अर्धं शेत मोकळं पडतं आणि त्या मोकळ्या जागेत साधा पोरगाही हिरो दिसतो. कॉलेजात साइडलाइनवर एक पाय आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. आणि स्क्रीन पास, म्हणजे लाइनच्या मागेच बॉल हातात ठेवायचा आणि पळ म्हणायचं, त्याचे यार्ड मी सरळ बाजूला काढतो, ते कोचने दिलेले यार्ड, पोराने कमावलेले नाहीत. ते काढून काय उरतं ते बघा, काही काही नावं पार झोपतात.

छोट्या कॉलेजचा असेल तर एवढंच की मोठ्यांसमोर काय केलं. कप ईस्टर्न वॉशिंग्टनचा, खालच्या डिव्हिजनचा, पण २०१५ ला ओरेगनविरुद्ध त्याने १५ कॅच आणि २४६ यार्ड काढले होते, मग अजून काय पुरावा पाहिजे. बाकी ड्रॉप (हातातून सुटलेले बॉल), वजन, हाताचा पंजा किती इंचाचा, यावर फार डोकं फोडू नका. चेसने २०२१ च्या प्रीसीझनला बॉल सोडले तेव्हा लोक छाती बडवत होते, सीझनमध्ये त्याने १,४५५ यार्ड काढले. डेव्होंटा स्मिथ १६६ पाउंडांचा होता, मोडेल मोडेल म्हणाले, चांगला खेळतोय.

आणि हे सगळं करूनही पुका नाकुआ २०२३ ला १७७ व्या नंबरपर्यंत कोणी घेतला नाही हे आहेच. बीवाययू कॉलेजमध्ये दुखापतींमुळे सामनेच कमी खेळला होता, बेरीज छोटी दिसायची, पण जेवढे रूट पळाला त्यात काम चोख होतं. पहिल्या वर्षी १,४८६ यार्ड, १९६० पासूनचा रुकी विक्रम मोडला. टीमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये काय आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही, त्यामुळे असा पोरगा खाली घसरला तर तो उगाच घसरला की गुडघ्यामुळे हे ओळखणं कठीण, पण तुमच्या लीगमध्ये शेवटच्या फेऱ्यांत तसाही कोण असतो, तिथे असल्यांवरच डाव लावा. अमॉन-रा सेंट ब्राउनला विचारा, ११२ व्या नंबरला गेला आणि त्याच्याआधी घेतलेल्या सोळाच्या सोळा रिसीव्हरांची नावं त्याला पाठ आहेत.

तर यंदा तुम्ही दोन-तीनच पोरं निवडा, प्रत्येकाचे दोन पूर्ण सामने बघा, त्यातला एक आदल्या वर्षीचा, आणि आधी फक्त थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, बघा, कारण तेव्हा सगळ्यांना माहीत असतं की पास येणार आणि कॉर्नर खरोखर चिकटतो. शेजारी कागद ठेवा, बॉल आला की नाही ते लिहू नका, मोकळा झाला की नाही ते लिहा. दुसऱ्या मित्राकडून वय आणि वाटा घ्या. पहिल्या मित्राला घड्याळ लावून बसू द्या.

जेफरसन अजून त्या नाशिककराकडेच आहे. दर गणपतीला आरतीनंतर मी त्याच्याकडे ट्रेडचा विषय काढतो, तो माझ्या हातावर अजून एक मोदक ठेवतो आणि किचनमध्ये निघून जातो.